नाना, तुमचा तो शेणाच्या वासाचा पक्षी

नाना,

तुम्हाला सगळं आधीच माहीत होतं, असा मला संशय आहे. सिंगापूरच्या विमानात बसलात तेव्हाही माहीत होतं. हे मी हेमंतशी अजून बोललेले नाही. तो परवापासून कुठे नीट जेवायला लागलाय, आणि त्याच्यापुढे हा विषय काढला तर तो म्हणेल, "केतकी, आता तरी पुरे कर." म्हणून तुम्हालाच विचारते. तुम्ही उत्तर देणार नाही, यात नवीन काही नाही. सरळ प्रश्न आला की समोरच्यावर दुसरा प्रश्न टाकायचा, ही तुमची कॉलेजातली सवय शेवटपर्यंत सुटली नाही.

गेले काही दिवस घरी माणसं येतायत. दाराबाहेर चपलांचा ढीग पडतो, समोरच्या फ्लॅटमधली चिनी आजी आपली रोपं बाजूला सरकवून जागा करून देते. आलेले लोक म्हणतात, "मुलाच्या घरी, सगळ्यांच्या देखत गेले, भाग्यवान." म्हणतात, "किती शांत चेहरा होता." मी चहा देते, मान हलवते. मी तिथे होते, नाना. चेहरा शांत नव्हता. तुम्ही उशीवर चिडलेले होतात, खिडकीबाहेरच्या धुरावर चिडलेले होतात, आणि बहुधा माझ्यावरही. शांत वगैरे नंतर झालं, आणि ते तर सगळ्यांचंच होतं.

आपलं दोघांचं तसं कधी गुळपीठ नव्हतं. तुम्ही कराडला, आम्ही इथे. वर्षातून पंधरवडाभर भेट. त्या पंधरवड्यात तुम्ही मला जोखायचात आणि मी तुम्हाला. आई होत्या तोवर त्या मध्ये उभ्या असायच्या. त्या गेल्या आणि तुम्ही एकटे राहू लागलात. हेमंत दर रविवारी फोनवर "इकडे या, नाना" म्हणायचा आणि तुम्ही दर रविवारी "बघू" म्हणायचात. मग त्या जानेवारीत तुम्ही आपणहून म्हणालात, "तो पास का काय म्हणतात तो काढ. मी येतो." हेमंतला इतका आनंद झाला की त्याने कारण विचारलं नाही. मला मात्र ते तेव्हाच खटकलं. बघू म्हणणारा माणूस एकदम येतो कसा म्हणाला?

खटकणं हा माझा धंदाच आहे. चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या ऑफिसात बसून दिवसभर लोकांचे व्यवहार बघायचे आणि ज्यात काही बरोबर वाटत नाही ते बाजूला काढायचे. तुम्हाला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "म्हणजे तू पगारी संशयखोर. मी हे काम आयुष्यभर फुकट केलं."

केलंत खरं. पहिले दोन महिने तुम्ही अख्ख्या सिंगापूरवर संशय घेतलात. नळाचं पाणी पिण्याआधी ग्लास उजेडात धरायचात, कारण इथे सांडपाणी शुद्ध करून वापरतात हे कुणीतरी सांगितलं होतं. हॉकर सेंटरमध्ये शाकाहारी पाटी असलेल्या स्टॉलवरही तुम्ही त्या बाईला हिंदीत विचारलंत, "तेल किसका है?" बिशानच्या पार्कात नदीत पाणमांजरांचं कुटुंब आलं, सगळं सिंगापूर फोटो काढायला लोटलं. तुम्ही काठावर उभं राहून बराच वेळ निरखलंत आणि म्हणालात, "सरकारने सोडलेली असणार. बघ, किती शिस्तीत पोहतायत." इरा हसून हसून गवतावर लोळली. तुमची ही दहा वर्षांची नात एरवी मराठीला इंग्रजीत उत्तर देते, पण तुमच्याशी भांडायचं म्हणून ती मराठी बोलायला लागली, हे तुमचे उपकार.

आणि त्या भांडणाचं कारण तो पक्षी.

इराला शाळेत सांगितलं होतं की एका विचित्र प्राण्याविषयी वर्गापुढे बोलायचं. ती कोआला घेणार होती. तुम्ही वर्तमानपत्र खाली ठेवलंत. "कोआला काय, सगळेच घेतील. तू होआत्झिन घे."

"व्हॉट इज दॅट?"

तुम्ही तिच्या ड्रॉइंगच्या कागदावर पेन्सिलीने काढून दाखवलात. डोक्यावर विस्कटलेला तुरा, लांब मान, कोंबडीपेक्षा थोडा मोठा, दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांच्या काठचा. मग बाजूला त्याचं पिल्लू काढलंत आणि त्याच्या पंखाला दोन नखं काढलीत. हात सराईत होता. कराडच्या कॉलेजात तुम्ही दरवर्षी हे चित्र खडूने काढत आलात, हे मला तेव्हा कळलं. उडणाऱ्या सरड्यासारख्या त्या प्राचीन पक्ष्याच्या पंखाला नखं होती आणि या आजच्या पक्ष्याच्या पिल्लालाही आहेत. म्हणजे हा त्या जुन्या काळाचा जिवंत साक्षीदार, असं तुम्ही पोरांना शिकवायचात. पक्षी तुम्ही कधी पाहिला नव्हता. पाहिलेला माणूसही कधी भेटला नव्हता.

इरा आयपॅड घेऊन सोफ्यावर गेली आणि थोड्या वेळाने इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "आजोबा, दॅट्स राँग लाह. तो जुना नाहीये. आणि तुम्ही मेन गोष्ट सांगितलीच नाही. तो लीव्ज खातो. ओन्ली लीव्ज. काऊसारखा."

"गाईसारखा म्हणजे?"

"पोटात रॉट करतो."

तुम्ही आयपॅड हातात घेतलात आणि परत दिलात. "कुणीतरी थट्टा केलीय," म्हणालात. "पक्ष्याला पाला परवडत नाही. पाला पचायला वेळ लागतो, वजन होतं, आणि वजन घेऊन उडता येत नाही. म्हणून पक्षी दाणे खातात, किडे खातात, फळं खातात. हे पहिल्या वर्षाचं पोर सांगेल."

पण तुमची झोप उडाली असावी. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही लायब्ररीत जायला लागलात. सकाळी हातात छत्री घेऊन निघायचात आणि जेवायच्या वेळेला यायचात. तेव्हा मला बरं वाटलं होतं. नंतर याचाही संशय आला, पण ते पुढे सांगते.

सायलीला मीच बोलावलं. विद्यापीठात पोस्टडॉक करणारी दादरची मुलगी, गणपतीत ओळख झालेली. प्राण्यांच्या आतड्यातल्या जंतूंवर काम करते एवढं माहीत होतं. सहज विषय निघाला तर ती म्हणाली, "वॉटसिन? अगं, मी पाहिलेत ते. गयानाला गेले होते सॅम्पल आणायला." म्हटलं, तू जेवायलाच ये.

त्या रविवारी तुम्ही तिची उलटतपासणी घेतलीत, तिचा पीएच्.डी.चा तोंडी परीक्षक बरा असेल. आधी उच्चारावरून वाद. मग म्हणालात, "तुम्ही स्वतः पाहिलात? की कुणी पाहिल्याचं वाचलंत?"

"स्वतः पाहिला, काका. बोटीतून. फांदीवर दहाबारा बसले होते, धापा टाकल्यासारखे आवाज काढत. आम्ही जवळ गेलो तर उडाले, म्हणजे धडपडत पलीकडच्या झाडावर आदळले."

"आणि वास येतो म्हणतात."

"येतो. शेणाचा."

"गाईच्या की म्हशीच्या?"

सायलीने खरंच विचार केला. "काका, मी दादरला वाढले. तेवढा फरक नाही करता येत मला."

तुम्ही पहिल्यांदा हसलात. ज्याला माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारा माणूस तुम्हाला पटायचा. मग तिने ताटाभोवतीचे वाटी-पेले सरकवून सगळं समजावलं. त्या पक्ष्याच्या गळ्याखालची पिशवी, तुमच्या पुस्तकी भाषेतलं अन्नपुट, इतर पक्ष्यांत दाणे साठवण्यापुरती असते; याच्यात ती एवढी मोठी झालीय की उडण्याच्या स्नायूंना छातीत जागाच उरली नाही. तिथे जंतू असतात, ते पाला आंबवतात. पिशवी भरली की बिचाऱ्याला तोल सांभाळता येत नाही, मग तो छातीचं हाड फांदीवर टेकवून बसून राहतो. तिथे त्याच्या कातडीला घट्टाच पडलेला असतो. घरटं पाण्यावर झुकलेल्या फांदीवर. घारगिधाड आलं की पिल्लू सरळ खाली पाण्यात उडी घेतं, पोहत काठाला येतं आणि पंखांच्या नखांनी खोड पकडून परत वर चढतं. मोठं झालं की नखं जातात.

"आणि गंमत म्हणजे," सायली म्हणाली, "याच्या जातीतल्यांची हाडं आफ्रिकेतही सापडलीत. काहीजण म्हणतात, यांचे पूर्वज समुद्र ओलांडून अमेरिकेत गेले."

"ज्याला दोन झाडांमधलं अंतर धड पार करता येत नाही, त्याने समुद्र ओलांडला?"

"नदीतून वाहत आलेल्या झाडोऱ्यावर बसून. तराफ्यासारखं."

"कोण म्हणतं?" विचारलंत. तिने सांगितलं. तुम्ही मान हलवलीत आणि हेमंतकडे बघून म्हणालात, "आपण निदान विमानाने आलो."

सगळे हसलो. त्या हसण्यातच तुम्ही ताटातली पोळी कुस्करत, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलंत, "पाला त्या पिशवीत किती वेळ राहतो?"

"दिवसभर. कधी जास्तच."

"आणि पुढे सरकला नाही तर?"

सायली म्हणाली, असं कुणी पाहिल्याचं माहीत नाही. तुम्ही "हं" म्हणालात. मी तुमच्या ताटाकडे बघितलं. पोळी कुस्करलेली होती, खाल्लेली नव्हती. आमटी तेवढी संपली होती. आणि मला वाटलं, हा प्रश्न पक्ष्याविषयीचा नव्हता.

त्या दिवसापासून मी तुमच्यावर नजर ठेवली. हो, ठेवली. तुमच्या शर्टाची कॉलर मानेपासून सुटलेली दिसली. पट्ट्याला सुरीने पाडलेलं नवं भोक दिसलं, आणि ते एकटं नव्हतं. सकाळी भाताची पेज मागायचात, म्हणायचात इथला तांदूळ चिकट, पेज छान होते. चिकट तांदळाला पहिल्या महिन्यात तुम्ही नावं ठेवत होतात. जेवणानंतर बाथरूमचा नळ बराच वेळ वाहत राहायचा, आणि नळ गळता ठेवला म्हणून इराला ओरडणारा माणूस तुम्हीच. मी हेमंतला म्हटलं. तो म्हणाला, "वय झालं गं. आई गेल्यापासून त्यांचं जेवण तसंही कमीच आहे." मग तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, "तुझ्या ऑफिसात कामं कमी आहेत का?"

एका बुधवारी मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. लायब्ररीत तुम्ही नव्हतात. पार्कात सापडलात, नदीकाठच्या बाकावर, छत्री उघडून. मांडीवर मी दिलेला डबा होता आणि तुम्ही इडलीचा एवढासा तुकडा तोंडात ठेवून डोळे मिटून बसला होतात. गिळण्याचा प्रयत्न करत होतात. मी समोर उभी राहीपर्यंत तुम्हाला कळलं नाही.

"पोलीस आले," म्हणालात. आवाज ओला होता.

मी शेजारी बसले. "नाना, घास उतरत नाही ना?"

तुम्ही नदीकडे बघत राहिलात. म्हणालात, "पातळ उतरतं."

"कधीपासून?"

"मी प्राणिशास्त्राचा मास्तर आहे, केतकी. डॉक्टर नाही."

"कधीपासून, नाना? इथे आल्यावर की आधीपासून?"

याचं उत्तर तुम्ही तेव्हा दिलं नाहीत आणि नंतरही नाही. उलट माझ्याकडे वळलात आणि मी तुमच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा स्वरात म्हणालात, "इराचं ते भाषण होऊ दे. सुट्टीनंतर आहे. तोवर हेमंतला सांगू नकोस. एवढं माझं ऐक."

मी म्हटलं, "नाही. मी आजच सांगणार."

"मी तुझ्यावर विश्वास ठेवून बोललो."

"तुम्ही बोलला नाहीत. मी पकडलं."

तुम्ही डब्याचं झाकण लावलंत.  लिफ्टमध्ये तुम्ही आकड्यांकडे बघत होतात, मी माझ्या बुटांकडे. संध्याकाळी हेमंत आला, त्याने बॅग ठेवायच्या आत मी सांगितलं. तो तुमच्या खोलीत गेला, दार लावलं. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड दहा वर्षांनी म्हातारं झालं होतं.

मग तुमचा अबोला. "इरा, आईला सांग मीठ जास्त झालंय." "इरा, आईला विचार उद्या किती वाजता जायचंय." ती पोरगी बिचारी दोन हात अंतरावर बसलेल्या दोन माणसांमध्ये निरोप पोचवत होती आणि एकदा वैतागून म्हणाली, "शी इज राइट हिअर, आजोबा." तुम्ही ऐकलं नसल्यासारखं केलंत.

मी तेव्हाही मागे हटले नाही आणि आताही हटत नाही. आज परत तो बाक आला तरी मी तेच करीन. आपलं हे भांडण मिटलेलं नाही, आणि तुम्ही नाही म्हणून मी ते एकतर्फी मिटवणार नाही. इराच्या भाषणापर्यंतचे दिवस तुम्हाला तुमच्या मर्जीने हवे होते, हे मला कळतं. पण त्या दिवसांचे मालक तुम्ही एकटे नव्हतात. हेमंतही होता.

नोव्हेनाच्या हॉस्पिटलात तुम्ही डॉक्टरांवर संशय घेतलात. ते चिनी होते, तरुण, फार हळू बोलायचे. त्यांनी सांगितलं, अन्ननलिकेत गाठ आहे, जुनी आहे, पुढे पसरलीय. तुम्ही इंग्रजीत विचारलंत, "तुम्ही स्वतः पाहिली? की रिपोर्ट वाचताय?" हेमंत ओशाळला.  डॉक्टरांनी मात्र स्क्रीन तुमच्याकडे वळवली आणि एंडोस्कोपीची चित्रं दाखवली. तुम्ही चष्मा वर करून, जवळ जाऊन बघितलंत. बराच वेळ. बेडकाच्या चिरलेल्या पोटाकडे बघत असाल तसे. मग चष्मा खाली आणलात आणि हेमंतच्या खांद्यावर हात ठेवलात.

"स्पष्ट आहे," म्हणालात.

त्यानंतर त्या बाबतीत तुम्ही एकदाही शंका काढली नाहीत. मला वाटतं, मी तुम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. मी संशय घेते कारण मला भीती वाटते. तुम्ही संशय घ्यायचात कारण तुम्हाला बघायचं असायचं. आणि दिसलं की तुम्ही थांबायचात. मला अजून थांबता येत नाही.

अन्ननलिका उघडी राहावी म्हणून आत नळी घातली. पातळ खाणं पुन्हा थोडं सोपं झालं. कराडला परत जायचं का, असं हेमंतने विचारलं. "तिकडे पेज कोण करणार?" म्हणालात. आमच्यातल्या कुणाकडेही न बघता म्हणालात.

इराने शाळेतल्या भाषणाच्या आधी तुमच्यापुढे तालीम केली. हॉलमध्ये तुम्हाला उशांना टेकवून बसवलं होतं. तिने तुमचंच चित्र मोठं करून रंगवलं होतं, निळा चेहरा, लाल डोळे. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. म्हणाली, "लोकांना वाटायचं हा खूप जुना बर्ड आहे, बिकॉज पिल्लाला नखं आहेत. पण पिल्लू पाण्यात पडतं आणि त्याला वर चढायला नखं लागतात. म्हणून आहेत. जुना आहे म्हणून नाहीत." आणि तुमच्याकडे विजयी नजरेने बघितलं.

तुम्ही म्हणालात, "लागतात म्हणून आली, की होती म्हणून वापरली?"

तिने कागद उलटापालटा केला. "आय डोन्ट नो."

"छान," म्हणालात. "हे वर्गात सांग. कुणी विचारलं तर अगदी असंच सांग."

"पण मग तुम्ही हरलात का नाही?"

"अजून मोठमोठ्या लोकांत याच्या नात्यागोत्यावरून एकमत नाही. ते होईपर्यंत मी हरत नाही." आणि मग, "पण पाला मी मान्य केला. ते मला कधी कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कुणाला शिकवलं नाही. फार सुंदर आहे ते. सगळं आकाश सोडून दिलं त्याने, नुसत्या पाल्यासाठी."

मी स्वयंपाकघरात होते. पेज ढवळत होते. ढवळायची गरज नव्हती.

पुढे घरी नर्स येऊ लागली. गोळ्या, पातळ औषधं, एक पट्टी कातडीवर चिकटवायची. पहिल्या दिवशी तिने औषध पुढे केलं तर तुम्ही तोंड मिटून घेतलंत. हेमंतने समजावलं, नर्सने समजावलं. तुम्ही मानेने माझ्याकडे खूण केलीत. अबोला अजून संपला नव्हता, नाना, निदान कुणी तसं जाहीर केलं नव्हतं. मी जवळ आले तर म्हणालात, "तू वाच. तुझं वाचून झालं की घेतो."

मी बाटलीवरचं शब्द न् शब्द वाचलं. नाव, प्रमाण, तारीख. मग म्हटलं, "ठीक आहे." आणि तुम्ही तोंड उघडलंत. शेवटपर्यंत हेच चाललं. मी ऑफिसात असले तर दुपारचं औषध थांबून राहायचं, म्हणून मग मी घरूनच काम करायला लागले. हेमंत म्हणायचा, बघ, त्यांचा राग गेला. मला तशी खात्री नव्हती. राग आणि भरवसा एकाच माणसावर एकाच वेळी असू शकतात, हे मला तुमच्यामुळे कळलं.

त्या शरद ऋतूत, इथे शरद नसतो पण तुम्ही तो शब्द सोडला नाहीत, पलीकडच्या बेटांवरची जंगलं जळत होती आणि आमच्यावर धूर बसला होता. खिडक्या बंद. समोरची इमारत राखेच्या पाण्यातून बघावी तशी. रोज हवेचा सरकारी आकडा यायचा आणि तुम्ही रोज म्हणायचात, "कमी करून सांगतायत." त्या दुपारी तुम्ही उशी तीनदा बदलायला लावलीत. मग म्हणालात, "खिडकी उघड." मी म्हटलं, "धूर आहे, नाना." तुम्ही म्हणालात, "बघू दे की." मी बोटभर उघडली. हेमंत तुमच्या पायाशी बसला होता, इरा शाळेतून नुकती आली होती आणि अजून युनिफॉर्ममध्ये होती. तुम्ही खिडकीकडे कपाळाला आठ्या घालून बघत होतात. थोड्या वेळाने लक्षात आलं की बघत नव्हतात.

मंडईला, इथल्या स्मशानाचं नाव मंडई आहे हे ऐकून तुम्ही एकदा हसला होतात, सगळं पाऊण तासात, स्वच्छ, वेळेवर झालं. तुम्हाला ते संशयास्पद वाटलं असतं. इरा रडली नाही. घरी आल्यावर तिने मला विचारलं, "आजोबांना त्यांचा बर्ड एकदा तरी बघायला न्यायला हवं होतं ना?" मी म्हटलं, "हो." 

हेमंत अस्थी घेऊन कराडला गेला. कृष्णा-कोयनेच्या संगमावर विसर्जन झालं आणि त्या संध्याकाळी वैशालीताईंचा फोन आला. हेमंतची बहीण, तुमची लाडकी लेक. पुण्याहून येऊन तुमची बॅग त्यांनी भरली होती, विमानतळावरही त्यांनीच सोडलं होतं. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग त्या म्हणाल्या, "केतकी, तुला एक सांगायचं राहिलं. नाना निघाले ना, तेव्हा मी म्हटलं होतं, माझ्याकडेच राहा की, एवढ्या लांब कशाला? तर म्हणाले, 'तुम्ही सगळे माझं ऐकता. केतकी ऐकायची नाही. तिच्याकडेच जायला हवं.'"

 ताईंचा स्वभाव मला माहीत आहे. समोरच्याला बरं वाटेल असं बोलण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. आमच्या लग्नात त्यांनी माझ्या आईला सांगितलं होतं की हेमंतने मला बघताक्षणी पसंत केलं. त्याने चक्क महिना घेतला होता.

"नेमकं असंच म्हणाले?" मी विचारलं.

"अगं हेच."

"कुठे? कधी?"

"दारात. चपला घालत होते. वाकताना त्यांना त्रास होत होता, तर मी पुढे झाले, तर म्हणाले, राहू दे."

"मग ताई, तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही?"

  त्या रडायला लागल्या, तोंडावर पदर धरून रडतात तसं. "वाटलं गं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं ते तुझी थट्टा करतायत. मी हसले. मी हसून घराला कुलूप लावलं."

माझ्याकडे अजून पुष्कळ प्रश्न होते, नाना. वाकताना त्रास होत होता तर त्यांनी कुणाला सांगितलं का नाही. तुमचं जेवण तेव्हाच कमी झालं होतं का. हे वाक्य आठवायला त्यांना इतके महिने का लागले. हे सगळं मी ऑफिसात एका मिनिटात विचारलं असतं, आणि उत्तरांवरून मला कळलं असतं की तुम्ही ते खरंच म्हणालात, की त्यांनी ते संगमावरून येताना माझ्यासाठी रचलं.

मी म्हटलं, "ताई, रडू नका. म्हणाले असतील. ते असंच बोलायचे."

त्यांचं रडं ओसरेपर्यंत मी फोन कानाशी धरून ठेवला.